साठ दप्तरांवरचं झुरळ

पेंटरकाकांनी आयुष्याची बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं मोठी करण्यात घालवली. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागच्या फळ्या, दवाखान्यांचे फलक, एकदा तर पाण्याच्या टाकीवर शिडीला लोंबकळत कुठल्याशा साबणाचं नाव, सगळं त्यांच्या हातचं. मग छापील फ्लेक्स आले. तासाभरात पाटी तयार, वर मालकाचा हसरा फोटो फुकट. काकांचे ब्रश डब्यात वाळत पडले आणि काका घरात. आठ दिवसांत काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही काहीतरी नोकरी बघा, नाहीतर मी बघते."

म्हणून ते बालसंगोपन कार्यालयाच्या गोदामात सामान सांभाळायला लागले. कार्यालयाचं काम असं, की ज्या मुलांना काही ना काही कारणाने आपल्या आईबापांकडे राहता येत नाही, त्यांना दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवायचं. कुणी महिनाभर, कुणी वर्षभर, कुणी पार मोठं होईपर्यंत. मूल एका घरून दुसऱ्या घरी निघतं तेव्हा त्याच्याजवळ फारसं काही नसतं. असलंच तर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबलेले चार कपडे. त्यांना दप्तर, चादर, चपला, टूथब्रश असं सगळं या गोदामातून मिळायचं, आणि गोदाम भरायचे शहरातले धंदेवाले.

आता धंदेवाला माणूस मनाने कितीही मोठा असला तरी दान मुक्याने करत नाही. दातांच्या डॉक्टरने टूथब्रश दिले, त्यावर "किडण्याआधी या". टायरवाल्याने टॉवेल दिले, त्यावर टायर. मैला उपसणाऱ्या कंपनीने टी-शर्टांचे दोन खोके पाठवले, सगळे पैलवानांच्या मापाचे, छातीवर "तुंबलं? आम्ही उपसतो!" एका कुलूपवाल्याने तर दीडशे कुलपं पाठवली. ज्या पोरांना स्वतःचा दरवाजा नाही त्यांनी ती कशाला लावायची, हे त्याला विचारायला कुणी गेलं नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणून मॅडमनी ती ठेवून घेतली. मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. चष्मा कपाळावर आणि फोन कानाला, अशीच त्यांची मूर्ती कायम दिसे.

काकांना दानाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार अक्षरांबद्दल होती. छापलेली अक्षरं बघून त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. "ही काय अक्षरं आहेत? एक जाड, एक बारीक, मधली जागा बघा, बस जाईल एवढी!" पहिल्या महिन्यातच त्यांनी थिनरची बाटली आणली आणि बोळ्याने नावं पुसायला सुरुवात केली. ना परवानगी, ना चौकशी. बेचाळीस वर्षं लिहिणारा हात आता पुसायला लागला आणि त्यातही तितकाच तरबेज निघाला. भरतकाम केलेलं असलं तर काकू ब्लेडने उसवून द्यायच्या.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग एका आइस्क्रीमवाल्याने आपण दिलेला रेनकोट रस्त्यात पाहिला आणि त्याच्या पाठीवरून आपलं नाव आणि आपला कोन गायब झालेला पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला आणि पुढच्या वर्षीचे रेनकोट गेले.

मॅडमनी काकांना समोर बसवलं. "पेंटरकाका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. पण आता सांगून ठेवते. यापुढे एका वस्तूवरचं एक अक्षर जरी पुसलंत ना, तर गोदामाची किल्ली काढून घेईन. रेनकोट कुठून आणू मी? तुम्ही शिवणार?"

काकांनी कानाला खडा लावला. तो पंधरा दिवस विनासायास टिकला.

सोळाव्या दिवशी झुरळशेठची दप्तरं आली. हे नाव अर्थात काकांनी ठेवलेलं. गृहस्थ घरोघरी औषध फवारून किडे मारण्याचा धंदा करायचे, आणि शहरातली निम्मी झुरळं त्यांच्या हातून गेली होती. दप्तरं उत्तम होती हे काकांनाही मान्य करावं लागलं. निळं जाड कापड, दुहेरी शिवण, दणकट चेन, संख्या बरोबर साठ. आणि प्रत्येकाच्या पाठीवर तळहाताएवढं एक झुरळ, उताणं पडलेलं, सहाही पाय वर, डोळ्यांच्या जागी फुल्या. खाली लिहिलेलं: "आम्ही येतो, घर मोकळं करतो!"

काकांनी ते वाचलं. परत वाचलं. ज्या पोरांची घरं आधीच मोकळी झालीत त्यांच्या पाठीवर हे वाक्य! पण खडा लावलेला होता. काकांनी दप्तरं रचून ठेवली आणि तोंड फिरवलं.

मंगळवारी इन्स्पेक्टर आली. वय वर्षं दहा, दोन वेण्या, कपाळाला आठी. हेही काकांनीच ठेवलेलं नाव, कारण ही मुलगी कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय घेत नसे. चेन दहा वेळा उघडायची, शिवण ओढून बघायची, चपलेचा वास घ्यायची. दोन घरं बदलून आता ती तिसऱ्या घरी राहायला आली होती. नव्या घरच्या काकू तिला घेऊन आल्या होत्या. सोमवारपासून नवी शाळा होती.

टॉवेल पास झाला, चपला पास झाल्या. दप्तर समोर येताच इन्स्पेक्टर एक पाऊल मागे सरकली.

"हे नको. मला पिशवी चालेल."

"अगं, कापड बघ तरी!"

"कापड माहितेय मला. मागच्या वर्षी हेच होतं, तुम्ही इथे यायच्या आधी मिळालेलं." मग जमिनीकडे बघत ती भडाभडा बोलली. "आमच्या शाळेत चौघांकडे होतं हे. आम्ही चौघंच तसली. म्हणजे... दुसऱ्यांच्या घरी राहणारी. सगळ्यांना कळलं. मी वर्गात आले की मागच्या बाकावरची मुलं जमिनीवर उताणी पडायची आणि हातपाय वर करायची. रोज. सर पण एकदा हसले."

नव्या घरच्या काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने झटकला. "हे दप्तर असेल तर मी सोमवारी जाणार नाही. मंगळवारी पण नाही. कधीच नाही."

आपण वर्षभर अक्षर वाईट म्हणून पुसत बसलो याची काकांना लाज वाटली. खरं कारण समोर दोन वेण्या घालून उभं होतं.

"सोमवारी तुझं दप्तर कोरं असेल," ते म्हणाले. "पेंटरचा शब्द."

"लिहून द्या," इन्स्पेक्टर म्हणाली.

त्यांनी लिहून दिलं, आणि सुंदर अक्षरात दिलं.

ती जाते न जाते तोच मॅडम आल्या. शनिवारी सभागृहात वाटपाचा कार्यक्रम होता. झुरळशेठ जातीने येणार, फोटो निघणार. या मुलांचे चेहरे फोटोत दाखवायचे नाहीत असा कार्यालयाचा नियम होता, म्हणून फोटो नेहमी पाठमोरे काढत. म्हणजे फोटोत काय दिसणार? दप्तर आणि दप्तरावरचं झुरळ. "साठच्या साठ, नावासकट," मॅडम म्हणाल्या. "ते खूश झाले तर पुढच्या महिन्यात पाण्याच्या बाटल्या देणारेत. काका, माझ्याकडे बघा. थिनर कुठाय?"

"संपलं," काका म्हणाले. ते खोटं होतं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ हिशोब मांडला. "शनिवारी कार्यक्रम होऊ दे. रविवारी तिच्या एकटीचं पुसून द्या. झालं!"

"आणि बाकीच्या एकोणसाठांनी काय घोडं मारलंय? सभागृहातून पोरं परस्पर आपापल्या घरी जाणार. कुणाकुणाच्या दारात थिनर घेऊन उभा राहू?"

बोलता बोलता काका एकदम ताठ बसले. लिहिणारा आणि पुसणारा असे दोन पेंटर त्यांच्या आत वर्षभर भांडत होते, त्यांची तिथे जेवणाच्या ताटावर दिलजमाई झाली. छापलेलं झुरळ पुसायचं. त्याच जागी पोस्टर कलरने तसंच झुरळ काढायचं. शनिवारी शेठना नाव दिसेल, रविवारी ओल्या फडक्याने झुरळ जाईल. साप भी मरे, लाठी भी न टूटे म्हणतात, त्यातलाच प्रकार, फक्त साप सहा पायांचा.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. गोदामाचं दार आतून लावून काका पुसत होते आणि काढत होते, काकू दप्तरं वाळत घालत होत्या. मॅडमना सांगितलं, "मोजदाद चालू आहे." साठ झुरळं! तिसाव्या झुरळापर्यंत काकांचा हात असा काही बसला की मूळ चित्रातल्या चुका त्यांना सहन होईनात. मिशांना त्यांनी जरा बाक दिला. पायांना सांधे काढले. अक्षरांमधल्या जागा नीट केल्या. प्रत्येक दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी टाकली: "घरी गेल्यावर ओल्या फडक्याने पुसणे. कुणाला सांगू नये."

अडचण एकच आली. पोस्टर कलर वाळला की त्या गुळगुळीत कापडावरून त्याच्या खपल्या उडायच्या. काकांनी जुनी युक्ती काढली. रंगात गोंद आणि दोन थेंब ग्लिसरीन, म्हणजे रंग लवचीक राहतो. दोनाचे चार झाले, चाराचे दहा.

"जास्त होतंय," काकू म्हणाल्या. "हे वाळणार नाही."

"बेचाळीस वर्षं रंग कालवतोय मी," काका म्हणाले. बायकोचं न ऐकण्यासाठी नवऱ्याजवळ नेहमी एखादा आकडा तयार असतो.

शनिवारी सभागृह भरलं. माईकमध्ये वाऱ्याची घरघर येते म्हणून कुणीतरी पंखे बंद केले होते. झुरळशेठ आले. आडव्या अंगाचा, उमद्या चेहऱ्याचा माणूस, अंगात दुधासारखा पांढरा शर्ट. इथून ते थेट व्यापारी संघाच्या बैठकीला जाणार होते. तिथे आज अध्यक्ष निवडायचा होता आणि नाव त्यांचंच पुढे होतं.

पहिलं दप्तर इन्स्पेक्टरला द्यायचं ठरलं होतं. ती प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीवर बसली, वेण्या ताठ. शेठनी दप्तर उचललं, बोटांनी झुरळावरून हात फिरवला आणि हरखले. "काय छपाई झालीये! बघा हो, मिशा बघा! मागच्या वेळी अशी नव्हती." मागे उभ्या असलेल्या काकांना एका डोळ्याने गर्व वाटत होता आणि दुसऱ्याने शेठच्या बोटावरचा तपकिरी डाग दिसत होता. त्यांची पाचावर धारण बसली.

भाषण सुरू झालं. धंदा कसा एका पिचकारीवर सुरू केला, पहिलं झुरळ कुठे मारलं, हे चित्र त्यांनी स्वतः वहीच्या मागच्या पानावर कसं काढलं होतं. "लहानपणी माझ्याकडे दप्तर नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. "वह्या मी अशा... अशा धरून न्यायचो." आणि त्यांनी दप्तर झुरळासकट उराशी घट्ट कवटाळलं. पुढची बारा मिनिटं ते तसंच होतं. काकांनी सभागृहातल्या घड्याळावर मोजली.

दप्तर खाली आलं तेव्हा झुरळ शेठच्या छातीवर होतं. मिशांसकट आणि सांध्यांसकट. सभागृहात आधी कुणी खोकलं, मग कुणी रुमाल तोंडाला लावला. शेठना वाटलं, लोक गहिवरले. मॅडमचा चष्मा कपाळावरून आपसूक डोळ्यांवर आला.

इन्स्पेक्टरने खुर्चीवरून वर पाहिलं आणि आपलं कर्तव्य केलं. "काका, तुमच्या अंगावर झुरळ आहे."

तीस वर्षं झुरळं मारणारा तो माणूस हातभर उडाला! "कुठे? कुठे?" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी छातीवर चापट्या मारल्या. झुरळ मेलं नाही, पण पसरलं. पोरं खुर्च्यांवरून घसरली. सगळ्यात पुढे बसलेला एक सहा वर्षांचा मुलगा तर टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

काकांनी शेठना गोदामात नेलं, मागून मॅडम. शर्ट उतरवला, ओला केला. डाग निघायचा, पण चिंब शर्ट घालून अध्यक्ष होता येत नाही. "दुसरा शर्ट द्या कुठलाही," शेठ घड्याळ बघत ओरडले. मोठ्या मापाचे कपडे गोदामात तीनच प्रकारचे होते. काकांनी समोर धरला: "तुंबलं? आम्ही उपसतो!"

"हा? व्यापारी संघात?"

काकांनी दुसरा धरला. तो एका व्यायामशाळेचा होता. "मीही आधी असाच जाडा होतो!" शेठनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि तो बाजूला सारला. तिसऱ्यावर मूळव्याधीचा दवाखाना होता.

"बिननावाचा एकही नाही?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "बिननावाचं कुणी देतच नाही."

बोलून गेल्यावर काकांना कळलं, की आता सगळंच सांगावं लागणार. त्यांनी सांगितलं. थिनर, पोस्टर कलर, ग्लिसरीन, चिठ्ठ्या, सगळं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. शेठ बनियनवर उभे होते आणि कानापर्यंत लाल झाले होते.

"साठांवरून माझं नाव पुसलंत?"

"साठही. आणि साठांवर परत लिहिलं."

"फसवणूक आहे ही! मॅडम, सगळी दप्तरं परत गाडीत भरा. आत्ताच्या आत्ता!"

गोदामाच्या दारात इन्स्पेक्टर उभी होती. डागाळलेलं दप्तर तिने दोन्ही हातांत धरलं होतं. ते द्यायलाच ती आली होती, कारण परत मागण्याआधी परत द्यायची तिला सवय होती. तिने ते टेबलावर ठेवलं.

"तुमचं चित्र मजेशीर आहे," ती शेठना म्हणाली. "पण तुमच्या शर्टावर."

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. मागचा बाक, उताणी पडणारी मुलं, वर केलेले हातपाय, हसलेले सर. आवाज चढवला नाही, की रडली नाही. शेठ ऐकत होते. बाहेरून अजूनही हसण्याचा आवाज येत होता आणि तो कशाबद्दल आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मध्येच एकदा ते म्हणाले, "रोज?" ती म्हणाली, "शनिवारी अर्धा दिवस."

शेठनी मैला उपसण्याचा टी-शर्ट उचलला, उलटा केला आणि तसाच अंगात घातला. शिवणी बाहेर, मानेवर मापाची चिठ्ठी फडफडतेय. दप्तर टेबलावरून उचलून त्यांनी इन्स्पेक्टरच्या हातात दिलं, या खेपेला अंगापासून लांब धरून, आणि तरातरा निघून गेले. व्यापारी संघात त्या संध्याकाळी अठ्ठावीस जणांनी त्यांना शर्ट उलटा असल्याचं सांगितलं म्हणतात. अध्यक्ष मात्र दुसराच झाला.

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी खिशातून किल्ली काढून पुढे धरली.

"ती ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आणि मुलांना सांगा, नळ मागच्या अंगणात आहे. फडकी मी आणते." अर्ध्या तासात साठ दप्तरं कोरी झाली आणि पोरांचे हात कोपरापर्यंत तपकिरी. मॅडमनी स्वतः सात पुसली.

रविवारी दुपारी काकांच्या घरी फोन वाजला. पलीकडून घोगरा आवाज. "बाटल्यांची छपाई थांबवलीय. पण अगदीच काही नाही म्हणजे... तळाशी, बारीक, चालेल का?"

"तळाशी चालेल," काका म्हणाले. "अक्षर मी काढून देतो."

सोमवारी काकांना काम सुचेना. दहा वाजता आत गेली असेल, साडेदहाला हजेरी, अकराला मागच्या बाकांवर कुजबुज. त्यांनी कुलपं मोजली, दीडशे. परत मोजली, एकशे एकोणपन्नास. चार वाजता त्यांनी गोदामाचं दार उघडं टाकलं आणि पायरीवर जाऊन बसले.

साडेचारला इन्स्पेक्टर आली, नव्या घरच्या काकूंचा हात सोडून पुढे पळत. पाठीवर निळं, कोरं दप्तर.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"कुठे?"

"शाळेत गं! कुणी काही बोललं? काही विचारलं?"

"हो. शेजारच्या मुलीने विचारलं, जास्तीची पेन्सिल आहे का."

"मग?"

"दिली." तिने कपाळाला आठी घालून आठवून पाहिलं. "सुटताना ती म्हणाली, उद्या आण हं परत, माझी नाही सापडली तर. म्हणून मला आणखी एक पेन्सिल पाहिजे. आहे का तुमच्याकडे?"

काकांनी खोका काढला. पेन्सिलींवर कुठल्याशा विमा कंपनीचं नाव होतं. इन्स्पेक्टरने एक उचलली, टोक पाहिलं, रबर दाबून पाहिला आणि नावाकडे ढुंकूनही न बघता ती दप्तरात टाकली.

"दोन द्या," ती म्हणाली. "उद्या जायचंय मला."